प्रथिनांच्या घडीचा शोध : क्ष-किरणांपासून संगणकापर्यंत

२०२४ या वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना विभागून देण्यात आले. पारितोषिकाचा अर्धा वाटा अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे डेव्हिड बेकर यांना मिळाला, तर उरलेला अर्धा गुगल डीपमाइंड या कंपनीतील डेमिस हॅसाबिस आणि जॉन जंपर या दोघांना. बेकर यांनी निसर्गात नसलेली प्रथिने संगणकाच्या साहाय्याने रचून दाखवली होती. हॅसाबिस व जंपर यांनी प्रथिनांचा त्रिमितीय आकार संगणकाद्वारे वर्तवण्याची पद्धत विकसित केली होती. ही दोन्ही कामे संगणकाची असली तरी त्यांच्यामागे प्रयोगशाळांत नव्वद वर्षे चाललेले मोजमाप उभे आहे. आकार आधी मोजला गेला, मग वर्तवला गेला आणि त्यानंतर नव्याने रचता येऊ लागला, असा हा क्रम आहे.

आकार म्हणजेच कार्य

प्रथिन ही ॲमिनो आम्लांची लांब साखळी असते. सजीवांतील प्रथिने मुख्यतः वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांपासून बनतात. कोणत्या क्रमाने कोणते ॲमिनो आम्ल जोडायचे, याची आज्ञा जनुकात असते. मात्र साखळी सरळ ताणलेली राहिली, तर ती बहुधा निरुपयोगी ठरते. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि ठराविक घडी धारण करते. पाण्यापासून दूर राहू पाहणारी ॲमिनो आम्ले आत दडतात, तर पाण्याशी सलगी करणारी पृष्ठभागावर येतात. या घडीमुळे तयार झालेल्या खाचा, कडा आणि पोकळ्या हीच प्रथिनाची कामाची अवजारे होत. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पोटातील विकरे अन्न पचवतात, प्रतिपिंडे रोगजंतूंना अडवतात, ती या आकाराच्या बळावरच.

क्रमातील एक चूक किती महागात पडते, हे सिकलसेल या आनुवंशिक आजारावरून दिसते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ ॲमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनवतात आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आदी जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांना हा आजार चांगलाच परिचित आहे. एका जागेवरील या बदलाचा शोध व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे १९५६-५७ मध्ये लावला.

स्फटिक आणि क्ष-किरण

प्रथिनातील अणूंमधील अंतर एक ते दोन अँगस्ट्रॉम इतके असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी याच्या हजारो पट मोठी असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसणे शक्य नसते. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र या अंतराच्या जवळपास असते. म्हणून प्रथिनाचा स्फटिक बनवून त्यावर क्ष-किरण सोडतात. स्फटिकात लक्षावधी रेणू एकाच शिस्तीने रचलेले असल्यामुळे विखुरलेले किरण ठराविक दिशांना एकवटतात आणि पटलावर ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्यांच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉनांची घनता आणि तिच्यावरून अणूंची स्थाने काढली जातात.

जे. डी. बर्नाल आणि डोरोथी हॉजकिन यांनी १९३४ मध्ये पेप्सिन या विकराच्या स्फटिकाचे असे छायाचित्र घेतले. स्फटिक कोरडा पडू न देता ओल्या अवस्थेतच ठेवल्याने प्रथमच स्पष्ट ठिपके मिळाले. पण ठिपक्यांपासून आकारापर्यंतची वाट बिकट होती. पटलावर किरणांची तीव्रता नोंदली जाते, त्यांची कला, म्हणजे लाटेचा चढउतार कोणत्या टप्प्यावर आहे ही माहिती, मात्र हरवते. हा अडसर मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये दूर केला. हिमोग्लोबिनला पाऱ्यासारखा जड अणू जोडल्यास ठिपक्यांची तीव्रता बदलते आणि त्या बदलावरून हरवलेली कला शोधता येते, हे त्यांनी दाखवले. त्याच मार्गाने जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये स्नायूंतील मायोग्लोबिनचा स्थूल आकार आणि पुढील दोन वर्षांत त्याचा सूक्ष्म तपशील मिळवला. पेरुट्झ आणि केंड्र्यू यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हॉजकिन यांची चिकाटी तर या विद्येचा आदर्श मानली जाते. इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले छायाचित्र त्यांनी १९३५ मध्ये घेतले आणि त्याची पूर्ण रचना १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. मधली चौतीस वर्षे पद्धती, यंत्रे आणि संगणक तयार होण्यात गेली. इन्सुलिनवर काम करणाऱ्या त्यांच्या ऑक्सफर्ड येथील गटात भारताचे एम. विजयन हेही होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा उभी केली.

आज या कामासाठी सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रातून मिळणारे प्रखर क्ष-किरण वापरतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या यंत्रावर प्रथिन स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणरेषा आहे. तरीही मूळ अडचण कायम आहे, ती म्हणजे सर्वच प्रथिनांचे स्फटिक बनत नाहीत. पेशीच्या पटलात रुतलेली आणि सतत हालचाल करणारी प्रथिने या पद्धतीला सहजासहजी दाद देत नाहीत.

मद्रासमधील नकाशा

मोजमापातून मिळालेली रचना बरोबर आहे की नाही, हे पारखण्याची एक महत्त्वाची कसोटी भारताने दिली. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनची रचना मांडली. कातडी, हाडे आणि स्नायुबंध यांना बळकटी देणारे हे प्रथिन तीन साखळ्यांच्या पिळाने बनलेले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पीळ इतका घट्ट असतो, की प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान ॲमिनो आम्लच मावते.

या कामाच्या ओघात अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हा प्रश्न उभा राहिला. रामचंद्रन यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक ॲमिनो आम्लापाशी वळण्याचे दोन कोन असतात. हे कोन आडव्या व उभ्या अक्षांवर मांडून कोणत्या जोड्यांत अणूंची टक्कर होते, हे त्यांनी हिशेबाने काढले. आकृतीचा बराचसा भाग निषिद्ध ठरला आणि मोजकीच क्षेत्रे मोकळी राहिली. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये सुचवलेले आल्फा सर्पिल आणि बीटा पट्ट हे दोन्ही आकार नेमके या मोकळ्या क्षेत्रांत बसले. ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने ही आकृती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. नवी रचना जाहीर करण्यापूर्वी ती या आलेखावर तपासून पाहण्याची प्रथा आजही पाळली जाते.

द्रावणातील प्रथिन

स्फटिक न बनवता, द्रावणातच प्रथिनाचा आकार ओळखण्याची दुसरी पद्धत म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन. रुग्णालयातील एमआरआय तपासणीही याच तत्त्वावर चालते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली अणुकेंद्रके रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात आणि तो प्रतिसाद शेजारी कोणते अणू आहेत, यानुसार बदलतो. साखळीत दूर असलेले दोन हायड्रोजन अणू घडीमध्ये जवळ आले असतील, तर त्याचा संकेत मिळतो. अशी शेकडो अंतरे जुळवून साखळीचा आकार बांधला जातो. स्वित्झर्लंडचे कुर्ट वुथरिख यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत प्रथिनांसाठी सिद्ध केली. २००२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

प्रथिन हलते कसे, घडी उलगडते कशी, याचा मागोवा या पद्धतीने घेता येतो. मोठ्या प्रथिनांचे संकेत मात्र एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे ती लहान आणि मध्यम आकाराच्या प्रथिनांनाच अधिक मानवते. भारतात या विद्येचे एक प्रमुख केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे.

गोठवलेले रेणू

तिसरी पद्धत शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची. प्रथिनाच्या द्रावणाचा अतिशय पातळ थर द्रवरूप इथेनमध्ये क्षणार्धात गोठवतात. पाण्याला बर्फाचे कण बनवण्याइतकाही अवकाश मिळत नाही आणि ते काचेसारखे स्थिर होते. त्यात निरनिराळ्या बाजूंनी अडकलेल्या रेणूंची लक्षावधी अस्पष्ट छायाचित्रे घेऊन संगणक त्यांची वर्गवारी व सरासरी करतो. त्यातून त्रिमितीय आकार साकारतो. झाक दुबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना या कामाबद्दल २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉन थेट टिपणारे नवे शोधक आले आणि पूर्वी धूसर दिसणारी चित्रे एकाएकी स्पष्ट झाली. स्फटिकाची गरज नसल्यामुळे अवाढव्य रेणुसमूह आणि पेशीपटलातील प्रथिने संशोधकांच्या आवाक्यात आली. बंगळुरूमध्येही अशा सूक्ष्मदर्शकाची राष्ट्रीय सुविधा उभारण्यात आली आहे.

सात रचनांची पेढी

या सर्व पद्धतींचे फळ एका ठिकाणी साठवण्याची दूरदृष्टी शास्त्रज्ञांनी वेळेवर दाखवली. अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७१ मध्ये ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली, तेव्हा तिच्यात केवळ सात रचना होत्या. २०२३ च्या प्रारंभी ही संख्या दोन लाखांवर गेली. रचना प्रसिद्ध करणाऱ्याने अणूंची स्थाने या पेढीत जमा करावीत, असा दंडक रूढ झाला आणि ती माहिती कोणालाही विनामूल्य मिळू लागली. संगणकाला शिकवण्यासाठी पुढे हाच साठा कामी आला.

संगणकाचे भाकीत

साखळीच्या क्रमातच घडीची माहिती असते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी दाखवून दिले होते. रायबोन्युक्लिएज या विकराची घडी रसायनांनी मोडल्यानंतर ती रसायने काढून घेताच साखळी पुन्हा मूळ आकारात आली. या संशोधनासाठी त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग क्रम माहीत असताना आकार हिशेबाने का काढता येऊ नये? सायरस लेविंथल यांनी १९६९ मध्ये यातील पेच दाखवला. शंभर ॲमिनो आम्लांच्या साखळीत प्रत्येकाला तीनच पर्याय आहेत असे धरले, तरी संभाव्य आकारांची संख्या पाचावर सत्तेचाळीस शून्ये इतकी होते. एकेक पर्याय तपासत बसल्यास विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. प्रत्यक्षात अनेक लहान प्रथिने सेकंदाच्या आत घडी घालून मोकळी होतात.

भाकितांची निःपक्षपाती परीक्षा घेण्यासाठी १९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ ही स्पर्धा भरवली जाऊ लागली. प्रयोगाने नुकतीच मिळालेली, पण अद्याप प्रसिद्ध न झालेली रचना स्पर्धकांनी केवळ क्रमावरून ओळखायची, असा तिचा नियम. अनेक वर्षे प्रगती संथ होती. २०२० च्या चौदाव्या स्पर्धेत डीपमाइंडच्या ‘अल्फाफोल्ड-२’ या प्रणालीने शंभरपैकी ९२.४ इतका मध्यक गुणांक मिळवला आणि बहुतेक उत्तरे प्रयोगाच्या तोडीची ठरली.

या प्रणालीने दोन गोष्टींचा आधार घेतला. पहिली, प्रोटीन डेटा बँकेतील सुमारे १ लाख ७० हजार रचना. दुसरी, उत्क्रांतीने मागे ठेवलेल्या खुणा. एकाच प्रथिनाचे क्रम निरनिराळ्या सजीवांमध्ये ताडून पाहिले असता काही जागा जोडीजोडीने बदललेल्या आढळतात. एका जागेवरील ॲमिनो आम्ल बदलले की दुसऱ्या जागेवरीलही बदलते. अशा जागा साखळीत दूर असल्या तरी घडीमध्ये शेजारी असण्याचा संभव मोठा. जुलै २०२२ मध्ये २० कोटींहून अधिक प्रथिनांचे वर्तवलेले आकार सर्वांसाठी खुले करण्यात आले.

भाकीत आणि मोजमाप यांत मात्र फरक करावा लागतो. प्रणाली प्रत्येक भागाला विश्वासाचा गुणांक देते आणि कमी गुणांकाचा भाग गृहीत धरणे धोक्याचे असते. काही प्रथिनांना स्थिर घडीच नसते. काही प्रथिने कामाच्या वेळी आकार बदलतात. एका ॲमिनो आम्लाच्या बदलाने काय बिघडेल, हे सांगण्यातही ही प्रणाली नेहमी यशस्वी होत नाही.

निसर्गाच्या रचनेत फेरफार

आकार कळला की त्यात हेतुपूर्वक बदल करता येतो. याचे ठळक उदाहरण इन्सुलिनचेच आहे. कुपीतील इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र आलेले असतात. टोचल्यानंतर ते सुटे होण्यास वेळ लागत असल्याने रुग्णाला जेवणाच्या अर्धा तास आधी सुई घ्यावी लागे. रेणू एकमेकांना कोठे चिकटतात, हे हॉजकिन यांच्या गटाच्या रचनेवरून दिसत होते. तेथील दोन शेजारच्या ॲमिनो आम्लांची, प्रोलिन व लायसिन यांची, जागा आपसांत बदलली आणि रेणूंची पकड सैल झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे ‘लिस्प्रो’ इन्सुलिन जेवणाच्या तोंडावर घेता येते.

कोरोनाच्या साथीतही असाच उपाय उपयोगी पडला. विषाणूच्या काट्याचे प्रथिन १,२७३ ॲमिनो आम्लांचे असून ते चटकन आपला आकार पालटते. मूळ आकार टिकून राहिला तरच शरीराला योग्य प्रतिपिंडे बनवता येतात. आधीच्या मर्स विषाणूच्या अभ्यासातून सुचलेल्या युक्तीनुसार दोन जागी प्रोलिन बसवून हा आकार स्थिर करण्यात आला. शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेली या प्रथिनाची रचना फेब्रुवारी २०२० मध्येच उपलब्ध झाली होती. फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींत तसेच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या कोव्होव्हॅक्स या लशीत हाच फेरफार होता.

कोऱ्या पाटीवरील रचना

बेकर यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. आकार आधी ठरवायचा आणि तो धारण करील असा क्रम शोधायचा, असा उलटा प्रश्न त्यांच्या गटाने हाती घेतला. २००३ मध्ये त्यांनी ‘टॉप-७’ हे ९३ ॲमिनो आम्लांचे प्रथिन तयार केले. अशी घडी निसर्गातील कोणत्याही ज्ञात प्रथिनात नव्हती. स्फटिक बनवून क्ष-किरणांनी पाहिले असता प्रत्यक्ष रचना संगणकातील आराखड्याशी सुमारे १.२ अँगस्ट्रॉमच्या फरकाने जुळली.

आजची कार्यपद्धती टप्प्याटप्प्याची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफडिफ्यूजन’सारखी प्रणाली, विस्कळीत बिंदूंना हळूहळू आकार देत, प्रथिनाचा सांगाडा सुचवते. दुसरी प्रणाली त्या सांगाड्याला साजेसा क्रम भरते. हा क्रम खरोखर तीच घडी घेईल का, हे भाकीत करणाऱ्या प्रणालीकडून तपासून घेतात. त्यानंतर त्या क्रमाचे जनुक कृत्रिमरीत्या बनवून ते जिवाणूंत घालतात आणि त्यांच्याकडून प्रथिन तयार करवून घेतात. येथे अनेक आराखडे बाद होतात. काही प्रथिने विरघळत नाहीत, काही गोळा होऊन बसतात, काही अपेक्षित रेणूला धरत नाहीत. उरलेल्यांची रचना पुन्हा क्ष-किरणांनी किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पडताळली जाते.

या मार्गाने आलेली ‘स्कायकोव्हिओन’ ही कोरोना लस दक्षिण कोरियाने जून २०२२ मध्ये मान्य केली. संगणकाने रचलेल्या अतिसूक्ष्म गोलावर विषाणूच्या प्रथिनाच्या एका भागाच्या ६० प्रती बसवणे, हे तिचे वैशिष्ट्य होते.

भारताच्या दृष्टीने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन विशेष लक्षणीय आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मधील एका अभ्यासाने मांडला होता. यावरील प्रतिविष आजही घोड्यांना विषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तापासून बनवले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे. घोड्याच्या रक्तातील प्रथिनांमुळे काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते. बेकर यांच्या गटाने नागाच्या कुळातील सापांच्या विषामध्ये आढळणाऱ्या विशिष्ट विषारी प्रथिनांना घट्ट पकडणारी लहान प्रथिने संगणकावर रचली. त्यांनी प्राणघातक मात्रा दिलेल्या उंदरांचा बचाव केला. मात्र हे प्रयोग प्राण्यांवरील होते. शिवाय घोणस आणि फुरसे यांच्या विषातील मुख्य घटक वेगळे असतात. म्हणून अशी प्रथिने प्रतिविषाची जागा घेण्यापूर्वी बरेच अंतर कापावे लागणार आहे.

जबाबदारीचा प्रश्न

नवे प्रथिन रचण्याची क्षमता जशी औषधाला उपकारक ठरते, तशी ती घातक रेणूंसाठीही वापरली जाऊ शकते. हे ओळखून २०२४ मध्ये या क्षेत्रातील अनेक शास्त्रज्ञांनी स्वेच्छेने काही बंधने स्वीकारली. कृत्रिम डीएनए केवळ मागणीची सुरक्षा तपासणी करणाऱ्या उत्पादकांकडूनच घ्यावा, हे त्यांपैकी एक. खुलेपणाचा प्रश्नही पुढे आला आहे. मे २०२४ मध्ये ‘अल्फाफोल्ड-३’ जाहीर झाली, तेव्हा तिची संगणकीय संहिता उपलब्ध नव्हती. टीका झाल्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये ती शैक्षणिक वापरासाठी देण्यात आली. ज्या साठ्यावर ही प्रणाली शिकली, तो असंख्य प्रयोगशाळांनी विनामूल्य खुला ठेवला होता, याची आठवण या वेळी अनेकांनी करून दिली.

संगणकाचे भाकीत आता स्फटिकशास्त्रज्ञांच्याही हाताशी असते. क्ष-किरणांची हरवलेली कला शोधताना वर्तवलेला आकार प्रारंभबिंदू म्हणून वापरला जातो आणि पूर्वी वर्षे घेणारे काम काही दिवसांवर येते. तरीही औषध म्हणून माणसाच्या शरीरात जाणाऱ्या प्रथिनाचा अखेरचा निवाडा संगणक करीत नाही. तो प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरील चाचण्यांतच होतो.